खिडकीजवळची खाट

मयत लिहून झालं ना बाई? मग त्याच्याखाली एवढी जागा मोकळी कशाला सोडलीत? ‘कारण’ — असं छापलंय व्हय तिथं? मग लिहा की. मी सांगतो, तुम्ही लिहा. भागोजी, वय एकतीस, राहणार दिवेआगर, ह्याला आश्रमानं मारला. असं त्याचा धाकटा भाऊ नामा आगरदांड्याच्या धक्क्यावर बसून सांगतो. लिहा ना. चौदा दिवस झाले, अजून कुणी ते कागदावर घेतलेलं न्हाय. डॉक्टरनं लिहिलं अशक्तपणा. अशक्तपणा हे काय कारण झालं? — बसा, उभ्या कशाला. त्या दोरखंडावर नको, डांबर लागेल पातळाला. ही दादाची वळकटी हाय, तिच्यावर बसा, त्याला चालेल. माझी होडी अजून पलीकडं दिघीलाच दिसतेय, भरल्याशिवाय ती काय सुटत न्हाय. काल तेरावं झालं आणि आज आश्रमातनं त्याचं सामान न्यायला आलो, तर हे एवढंच — वळकटी, एक लोटा, एक फणी. मुंडण केलेल्या डोक्याला ऊन चटकतंय नुसतं.

तुम्हाला मी ओळखून हाय. आश्रमात म्हणायचे, मुंबईची बाई डॉक्टर होणार हाय पण सुई टोचणार न्हाय. दादाचं सगळं करणारा तो गडी, मोरू, त्यानं मला समजावलं — तिचं मोठं पुस्तक होणार, ते पास झालं की तिला डॉक्टर म्हणायचं. कसलं पुस्तक, म्हटलं. तर असल्या घरांत अपंग माणसांना नीट ठेवतात का, आणि नीट ठेवलं तर पुढं त्या माणसाचं काय होतं. एवढंच? हे तर मी तुम्हाला उभ्या उभ्या सांगतो. नीट ठेवतात, आणि माणूस मरतो. झालं पुस्तक. — रागावू नका. दुसरीपर्यंत शिकलेला मी, मला बोलायची रीत न्हाय. आई म्हणते, नाम्या, तुझं तोंड तुझ्या आधी घरात शिरतं.

पण खोटं न्हाय बोलणार. नीट ठेवला होता. दर दोन तासांनी घंटा व्हायची, घंटा झाली की मोरू यायचा आणि दादाची कूस बदलायचा. रात्री पण. कमरेखालचं सगळं मेलेलं ना, एका अंगावर ठेवला तर पाठ सडते. पडला तेव्हा मोठ्या इस्पितळात सांगितलं होतं, असली माणसं सहा महिन्यांत पाठ सडून जातात. सव्वादोन वर्षं काढली त्यानं. शेवटची आंघोळ मी घातली बाई, पाठ बघितली — एक फोड न्हाय. लहान पोराची असते तशी पाठ. मग मेला कशानं? आं? पाठ चांगली, चादर स्वच्छ, भात गरम, बुधवारी मासळी — तुमच्या कागदावर सगळीकडं चांगल्या खुणा, आणि माणूस न्हाय. हे कसं बसवणार तुम्ही पुस्तकात?

महाराष्ट्र झाला त्या वर्षी दादा पडला. आम्ही सुपारी काढणारे. वर गेलेला माणूस झाडागणिक खाली उतरत न्हाय, बघितलंय तुम्ही? शेंड्याला बसून पोफळ हलवायची, झोका घ्यायचा, पुढची पोफळ हाताला आली की तिच्यावर जायचं. अशी तीस-चाळीस झाडं करून मग पाय जमिनीला. दादासारखा झोका आख्ख्या दिवेआगरात कुणाचा न्हाय. बोर्लीचे लोक बाजारातनं जाताना थांबून बघायचे. त्या दिवशी पुढची पोफळ आतनं किडलेली निघाली. मी खाली होतो, घोस गोळा करत. ती वाकली ती जरा जास्त वाकली, मला दिसलं. पण आमच्यात एक हाय — माणूस वर असला की खालनं त्याला हाक मारायची न्हाय. काय वाटेल ते होवो. साप दिसला, गांधीलमाशी उठली, त्याच्या घरचं कुणी मेलं, तरी तो उतरेपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं. हाक आली की माणूस खाली बघतो, आणि खाली बघितलं की हात सुटतो. चालायला लागलेलं पोरसुद्धा आमच्याकडं वाडीत शिरलं की गप्प होतं. तर मी गप्प राहिलो. झाड मोडल्याचा तेवढा आवाज झाला.

असो. ते कुठं सांगत बसलो. आश्रमाचं सांगतो. आधी त्याची खाट मधल्या खांबाला होती. शेजारी तो गुणाजी तांडेल, पाय कापलेला म्हातारा, तुम्हाला आठवत असेल, शिवीशिवाय ज्याचं वाक्य सुरू होत न्हाय तो. दोघांचा पत्त्यांचा डाव चालायचा. तुम्ही श्रावणात पहिल्यांदा आलात तेव्हा तिथंच होता दादा. तुम्ही विचारलंत, ही जागा आवडते का, आणि तो तोंड उघडायच्या आधी मीच बोललो, कसली आवडते, इथं ना वारा ना उजेड, गोठ्यात बांधल्यासारखा ठेवलाय. दादा हसला. म्हणाला, बाई, ह्याचंच लिहा, हा माझा वकील. त्याचं वजन सांगितलं होतं त्या दिवशी — एकशेआठ पौंड. मला लक्षात हाय.

तुम्ही गेलात आणि मी सरळ ऑफिसात. टेबलावर हात आपटला. म्हटलं, माझा भाऊ झाडावरचा माणूस, जन्म उघड्यावर काढलाय, त्याला खिडकी द्या. सुपरिंटेंडेंट म्हणाले, त्याला एकदा विचारू. मी म्हटलं, त्याला काय विचारता, मी सांगतोय ना, मी भाऊ हाय. आठ दिवस रोज जाऊन भांडलो. कंटाळून दिली त्यांनी. कोपऱ्यातली खाट — एका कुशीला खिडकी, दुसऱ्या कुशीला कपाट. आणि खिडकीतनं काय दिसतं? पोफळींची वाडी. अशी हाताच्या अंतरावर, आणि तिच्या पलीकडं समुद्र. मला वाटलं, जिंकलो. मी दादाला म्हटलं, बघ. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, बेस हाय. माझ्या डोक्यावरनं हात फिरवला.

मार्गशीर्षात त्या वाडीत सुपारी सुरू झाली. कोण चढणार? अहो, मीच. दिवेआगरचं काम सोडून आलो मी, वाडीवाल्याला म्हटलं मला घे, तुझी सगळी वाडी एकटा काढतो. का? म्हणजे दादाला दिवसभर मी दिसेन. रोज होडी करून यायला नको, नुसतं वरनं बघितलं की खिडकीत दादा. मी काय करायचो सांगू? त्याच्यासमोर आलो की झोका मोठा घ्यायचो. तो घ्यायचा तसा, एका हातानं. एका झाडावरनं मधलं सोडून तिसऱ्या झाडावर. आणि मग हात करायचो. तो पण करायचा हात, उशीवरनं. मला वाटायचं, त्याचे पाय मी झालोय. संध्याकाळी जायचो तर म्हणायचा, झोका चांगला घेतोस, पण जरा आखूड घे, नाम्या. मी म्हणायचो, तू घेत होतास का आखूड?

पौषात तुम्ही दुसऱ्यांदा आलात. मी वर होतो, खिडकीतनं दिसलात तुम्ही, मांडीवर कागद घेऊन बसलेल्या. मी तुम्हाला पण हात केला होता. दादा तुमच्याशी बोलत होता आणि डोळे माझ्याकडं. त्या वेळेचं वजन किती लिहिलंय? अठ्ठ्याऐंशी? — म्हणजे मला कुणी सांगितलंच न्हाय.

मघाशी वळकटी देताना मोरू बोलला. आता बोलला तो, सगळं उरकल्यावर. म्हणाला, तुझा भाऊ खिडकीच्या कुशीवर असला की जेवायचा न्हाय. ताट तसंच राहायचं. म्हणायचा, मोरू, मला कपाटाकडं कर. कपाटाकडं तोंड केलं की दोन घास खायचा. मग घंटा व्हायची, पुन्हा खिडकी. मोरू म्हणतो, मी काय करणार, नियम हाय, कूस न्हाय बदलली तर पाठ सडेल. आणि खिडकीकडं असला की अंग कसं लाकूड व्हायचं त्याचं, मुठी आवळलेल्या, ओठ हलायचे. काय म्हणायचा, विचारलं मी. ‘उतर’ म्हणायचा. नुसतं उतर, उतर. आवाज न काढता. मी मोरूच्या थोबाडीत दिली. हो, तेव्हाच तुम्ही दारात आलात. तो तसाच गाल धरून म्हणाला, खाट तू मागून घेतलीस, नामा.

खोटं बोलतो तो. आपलं अंगाबाहेर टाकायला. खोटंच ना? — बाई, वर बघा जरा. गेला त्या दिवशी हाच मोरू वाडीत धावत आला होता. माझी बारा झाडं राहिली होती. खाली सुपारी वेचणाऱ्या बायकांनी त्याला धरला, बोलू दिलं न्हाय. बाराच्या बारा झाडं होईपर्यंत तो खाली मान घालून उभा. आणि मी वरनं त्याला पण हात केला. त्यानंतर खिडकीकडं बघितलं तर चादर वरपर्यंत ओढलेली. मला वाटलं, दादाला थंडी वाजतेय.

त्या पिशवीत पौषातला कागद असेल ना? प्रश्न तेच असतात, तुम्हीच म्हणाला होतात, दर वेळी तेच. म्हणजे जागा आवडते का, हे त्या वेळी पण विचारलं असणार, आणि त्या वेळी मध्ये बोलायला मी नव्हतो. काय म्हणाला तो? सांगा ना. तसं सांगता येत न्हाय? कुणाला सांगता येत न्हाय, भावाला? तो मेलाय बाई, त्याचं आता काय गुपित राखता. मला एवढंच कळू द्या की मोरू खोटा. एवढं कळलं की मी होडीत बसतो, आश्रमाचं नाव तोंडातनं काढणार न्हाय. — तुम्ही माझ्यामागं एवढं चालत आलात. उगाच कुणी येत न्हाय.

द्या इकडं. येतं मला वाचता, सावकाश येतं. तुमचं अक्षर मोकळं हाय. हे दादाचं नाव. हे वजन. अं… जा-गा आ-व-ड-ते का. पुढं… ‘न्हाय’. त्याच्याच शब्दात लिहिलंय तुम्ही, न्हाय. का आवडत न्हाय… ‘भाऊ स-मो-र चढ-तो. बघ-वत न्हाय. मी प-ड-लो तसा…’

थांबा. हाय, एक ओळ हाय अजून. हे भा-वा-ला सां-गि-त-लं का. ‘न्हाय. कसं सां-ग-णार…’

‘…तो वर हाय.’

घ्या. घ्या हा कागद, माझा हात ओला हाय, शाई फुटेल. मघाशी मी सांगितलेलं लिहिलंत का, आश्रमानं मारला म्हणून? — लिहिलंच न्हाय? बरं केलंत. राहू दे ती जागा तशीच. मोरूला सांगा… न्हाय, मोरूला मीच सांगेन. उठा, होडी लागतेय, वळकटी द्या माझी. तुम्ही जावा आता. न्हाय बाई, काय बोलू नका. मी वर हाय असं समजा.