देवघरातली बाटली

पिंकीनं अशी किंकाळी फोडली ना, मी पिठाच्या हातानंच धावले, तर सासूबाईंच्या हातात पळी, पोरीचे ओठ लालबुंद, आणि सासूबाई म्हणतात, अगं रडते काय, तीर्थ हे ते, गंगेचं पाणी हे. मी देवघरात बघते तर बाटली माझी. माझी म्हणजे ॲसिडची.

झालं काय, दिवाळीसाठी घराला रंग काढलेला, सगळं सामान खाली, आणि दोन्ही बाटल्या सारख्याच, सरबताच्या. एकीत रामकुंडावरनं आणलेलं पाणी, आमच्याकडं त्यालाच गंगा म्हणतात, एकीत मी कामावरनं आणलेलं ॲसिड, मोरीचे पांढरे डाग काढायला. अंबडच्या कारखान्यांतल्या आम्ही सगळ्याच बाया आणायचो. चूक माझीच, नाय कुठं म्हणते.

माझं माहेर मखमलाबादकडं, झेंडू-शेवंतीवाले आम्ही, सातवीपर्यंत शाळा, मग लग्न, मग अंबडला प्लेटिंगच्या वर्कशॉपात लागले, म्हणजे लोखंडी हुकांना चकाकी द्यायची, पण त्याच्या आधी गंज काढायला ते ॲसिडात बुडवायचे. तिथली जुनी बाई भामामावशी, तिनं शिकवलं सगळं. म्हणायची, चिंच आंबट ना, त्यात पण ॲसिडच, पण हा चिंचेचा बाप हे, चाखायचा नाय. एकदा माझी पिन पडली टाकीत, लगेच बुडबुडेच बुडबुडे, तर म्हणे बघ, लोखंड खातं आणि गॅस सोडतं, इथं काडी ओढायची नाय. आणि पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड, बारीक धारेनं, ॲसिडात पाणी ओतशील तर उकळून तोंडावर येईल. घरी पण मी तसंच लय पाणी घेऊन त्यात पातळ केलेलं, म्हणून वास नव्हता, म्हणून सासूबाईंना कळलं नाय. आणि म्हणूनच पोर वाचली, ते पण खरं.

तर सासूबाई मानेनात. देवाचं पाणी कधी भाजतं का, नाटकं हेत पोरीची, म्हणून पळी स्वतःच्याच तोंडाला लावायला लागल्या. मी हिसकली आणि ओतली खाली शहाबादी फरशीवर. फस्स करून फेस आला. पाण्याला येतो का फेस? सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या.

मग पळत जाऊन मिठाचं पाणी घेऊन आल्या, ओकव तिला, ओकव, सगळं बाहेर पडू दे. आमच्यात पोरानं काही गिळलं की मिठाचंच पाणी. आणि मी सासूचा हात धरला. पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं नाय आई, जाताना एकदा भाजलं, येताना परत भाजंल. तर म्हणतात, हुक बुडवती आणि मला शिकवती, डॉक्टरीण झालीस का? म्हटलं हो, आज शिकवते. मग म्हणे ओठाला चुना तरी लाव, तुमच्या कामावर ॲसिड सांडल्यावर टाकतात ना. म्हटलं आई, ते जमिनीला, चुना आणि ॲसिड भांडले की गरम होतं, माणसाला नुसतं पाणी. नळाखाली धरली पोरगी, चूळ भर थुंक, चूळ भर थुंक, गिळू नको, आणि तशीच ओल्या फ्रॉकवर रिक्षात घातली, बाटली पण सोबत घेतली दाखवायला.

डॉक्टरनं पहिलं काय विचारलं माहिती हे? ओकवलं नाय ना? म्हटलं नाय. म्हणाला लय बरं केलंत, घसा थोडा भाजलाय, भरून येईल. सासूबाई भिंतीकडं बघत होत्या, मग हळूच पदरानं माझ्या हातावरचं वाळलेलं पीठ पुसायला लागल्या.

आता पिंकी पहिलीत हे, ओठाखाली एवढासा डाग, आवाज मात्र गल्लीभर. ॲसिड मी घरी आणत नाय. आणि सासूबाई, हसाल तुम्ही, रोज आधी तीर्थाचा एक थेंब फरशीवर टाकतात, वाकून बघतात फेस येतो का, आणि मगच नातीच्या हातावर. देव त्यांना शंभर वर्षं देवो. पण त्यांचा हात धरला ना मी त्या दिवशी, तेव्हा एकीकडं सासू, एकीकडं रडणारी पोर, आणि मी सातवी शिकलेली. तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं?