रिकामा डबा

प्रयोगशाळेत कायमच्या जागेसाठी मुलाखती चालू होत्या. माझ्या शेजारी बाकावर एक नवराबायको बसले होते. मुलाखत त्याची होती; प्रयोगातली मोजणी त्याची, गणित तिचं.

"तुझा आलेख माझ्या मोजणीशी जुळत का नाही?"

"हळू बोल. तुझ्या मोजणीत शेवटी एक उंचवटा जास्तीचा आहे."

"मग तू एकाच दिशेचा हिशोब केला असशील."

"वेडा आहेस का? धातूतले बारीक स्फटिक वाटेल तिकडे तोंड करून असतात. सगळ्या दिशांची सरासरी काढली मी. तू नमुन्यावर सोडलेला मंद न्यूट्रॉन तांब्यातून एवढी ऊर्जा उचलूच शकत नाही."

"मग तुझ्या गणितात घाल की तो उंचवटा! आत पहिला प्रश्न त्यावरच येणार."

"घालणार नाही. सकाळी मी तेच गणित ॲल्युमिनियमसाठी केलं."

"ॲल्युमिनियम कशाला? माझा नमुना तांब्याचा आहे."

"आणि नमुना ठेवलेला डबा?"

"तो ॲल्युमिनियमचा."

"नुसता रिकामा डबा मोजून वजा केला होतास ना?"

"मशीन दोनच दिवस मिळालं होतं गं."

"म्हणजे नाही केलास."

"उंचवटा जुळला?"

"तंतोतंत."

"मग सकाळीच का नाही बोललीस?"

"तू शर्टाला इस्त्री करत होतास. गुणगुणत होतास. किती महिन्यांनी."

शिपायाने दार उघडून पुढच्या उमेदवाराला हाक मारली. तो उठला.

"आलेख दे इकडे."

"तांब्याचा?"

"नाही. डब्याचा."