गळ्यावर भरवसा

ठाण्याच्या सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लागली होती. मेघाली कडेवरच्या बाळाला थोपटत होती. कान मात्र पुढच्या मायलेकींकडे होते.

“आये, संगीत कॉलेजच्या फीमाफीच्या अर्जाची मुदत या महिनाअखेरीस संपते.”

“आधी गाण्यावरची शिष्यवृत्ती मिळू दे. मग हात पसरायची गरजच काय?”

“तिचा निकाल पुढच्या महिन्यात आहे. नाहीच मिळाली, तर तोवर हे दारही बंद झालेलं असेल.”

“गाण्याचे गुरुजी म्हणतील, पोरीचा सोताच्या गळ्यावर भरवसा नाय.”

“गळ्यावर आहे गं. परीक्षकांवर नाही.”

“लय बोलतेस.”

“बाजारात तू एकाच गिऱ्हाइकासाठी पापलेट राखून बसतेस का?”

“येडी हाय का मी?”

“मग?”

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “मावशी, दाखला कशासाठी हवाय?”

“पोरीच्या गाण्यासाठी. जरा मोठ्या अक्षरांत लिवा.”