इथे फक्त तपासणी होते

काहीच बोलायचं नाही? बरं. नका बोलू. बसा तुम्ही — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, बायको वर्षानुवर्षं म्हणतेय फेक ती, फेक — इकडे बसा, पंख्यासमोर. कॉफी घेणार? आमची आर्मेनियन, छोट्या कपातली, जहर कडू. नको? कामावर असताना घेत नसाल. नाही, सहज म्हटलं. तर साहेब, ही तुमची पंचाण्णव सालची होंडा धूरतपासणीला रोलरवर चढवली, मागे धुराची नळी खुपसली, आणि यंत्राने बिचाऱ्याने जे आकडे दाखवले ते बघवेनात हो मला. धूर म्हणायचा की काय! ग्लेंडेलमधल्या सगळ्या कबाबवाल्यांनी मिळून केला नसता एवढा. म्हटलं, बॉनेट उघडून बघू. तर बॉनेटचा खटका कुठे आहे ते तुम्हालाच सापडेना — तुमच्याच गाडीचा! डावीकडे, साहेब, गुडघ्यापाशी. उघडलं, आणि काय ते दर्शन! हवा ओढायला हा भलामोठा चकचकीत पाइप, लग्नाच्या बँडमधून पळवून आणल्यासारखा. एक्झॉस्ट बाहेरचा. खाली वाकून बघतो तर धूर गाळणारा कन्व्हर्टर मुळात नाहीच, त्याच्या जागी सरळ नळकांडं. राज्याच्या मंजुरीचं स्टिकर एका तरी पार्टवर असावं? छे. वा, वा. करायचं तर सगळंच करायचं, नाही का?

आता गाडीला असले दागिने घालणारी मुलं मला काय नवीन आहेत? दोन वर्षं कानठळ्या बसवत फिरायचं, आणि नोंदणीसाठी ही तपासणी करायची तारीख आली की गॅरेजमधून मूळचे पार्ट काढून लावायचे, गाडीला शाळेचा युनिफॉर्म चढवल्यासारखे. इथे येऊन शहाण्यासारखं पास व्हायचं आणि संध्याकाळी पुन्हा होतं तसं. सगळा गाव हेच करतो. तुम्ही मात्र आणलीत ती थेट तशीच. वर गप्प. आणि हे गप्प बसणंच मला खटकलं, साहेब, स्पष्ट सांगतो. बावीस वर्षांत असली गाडी आणलेला एक माणूस गप्प बसलेला पाहिला नाही मी. पाइप कुठून आणला, जोर किती वाढला, कुणाला मागे टाकलं — ऐकून ऐकून कान किटतात. आणि तुम्ही? इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ, खटका माहीत नाही, तोंडातून चकार शब्द नाही. मी काय दूधखुळा आहे? राज्याची माणसं साध्या कपड्यांत, मुद्दाम अशा गाड्या घेऊन फिरतात, कोण डोळेझाक करतो ते बघायला — मला काय ठाऊक नाही? आली होती की इथे. चार वर्षांपूर्वी. तो कागद दिसतोय भिंतीवर? नाही दिसणार, वरती कॅलेंडर लावलंय मी. ताकीद आहे ती. एका गाडीचं एक स्टिकर बघायचं राहिलं होतं, बस्स, एवढंच. आता पुन्हा एक चूक, की परवाना गेला, दुकान गेलं, आणि एकसष्टाव्या वर्षी ह्रांत मेलकोन्यान निघाला मेव्हण्याच्या बेकरीत लवाशच्या रोट्या लाटायला. तो मेव्हणा वाटच बघतोय.

म्हणून बघा, नीट बघा, लिहून घ्या हवं तर. हे बटण. हे माझं बोट. नापास! गेलं राज्याच्या कंप्युटरवर, आता देव आला तरी पुसता येणार नाही. झालं समाधान? कळवा तुमच्या वरच्यांना, मेलकोन्यान विकला जात नाही म्हणून.

आणि हे काही तुम्हाला दाखवायला केलं असं समजू नका. मी हे बटण स्वतःच्या मुलासाठी दाबलंय! हो, पोटच्या. विचारा कुणालाही या रस्त्यावर. ताकीद येऊन आठ दिवस झाले होते. अशीच होंडा, असाच पाइप. मित्र उभे होते तीन-चार, हसत. म्हणाला, पपा, मूळचे पार्ट घरीच आहेत, रविवारी लावतो, तुमची शपथ, नोंदणीची आज शेवटची तारीख आहे, दाबा ना पासचं. सोमवारपासून नोकरी होती त्याची लाँग बीचला, गाडीशिवाय जाणार कसा? आणि मी काय केलं माहीत आहे — रस्त्यापलीकडे एकजण गाडीत बसून सँडविच खात होता. मला वाटलं, हाच तो. त्यांचा माणूस. माझ्यावरच डोळा आहे त्याचा. दाबलं मी, मित्रांच्या देखत, आणि वर भाषण ठोकलं, कायदा म्हणजे कायदा, घरचा असो की दारचा! मोठ्याने ठोकलं, सँडविचवाल्याला ऐकू जावं म्हणून. तो आपलं सँडविच संपवून निघून गेला. मुलगाही गेला, त्याच गाडीत बसून. चार वर्षं झाली. आईला फोन करतो. ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते, मी इकडे टीव्हीचा आवाज बारीक करतो. पण ऐकू काय येणार? नळ सोडून ठेवते ती बाई.

तिकडे काय बघताय? ते कोपऱ्यातलं, टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेलं? ते काही नाही. म्हणजे त्याचेच पार्ट आहेत, मूळचे — कन्व्हर्टर, एक्झॉस्ट, हवेचा डबा. राहिले मागे. बायको घरी ते बघून रडायची, म्हणून इथे आणून ठेवले. कुणाला देतबित नाही हं मी! इथे फक्त तपासणी होते, पाटी वाचलीत ना बाहेर? पार्ट लावायचे नाहीत, पाना उचलायचा नाही, पाना ठेवायचासुद्धा नाही — आहे एक, त्या खुर्चीचा पाय आवळायला, आणि कसा आवळलाय ते बघताच आहात. दिले होते एकदाच. एक पोरगा आला, नोंदणी संपत होती, रडकुंडीला आला होता. बाहेर नेऊन लावले त्याने, संध्याकाळी परत आणून दिले, पुसून. बरं, दोनदा दिले. सहा वेळा! झालं? सहा पोरं पास झाली माझ्या मुलाच्या पार्टांवर, आणि दरवेळी मी स्वतः वाकून तोच कन्व्हर्टर बघितला, ओळखला, आणि लिहून टाकलं, सर्व ठीक. आपलं पोर सोडून सगळ्यांची पोरं पास केली मी. घ्या, मीच सांगून बसलो. आता ताकीद नको, सरळ परवानाच उतरवा भिंतीवरून, कॅलेंडरला खिळा मिळेल.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा.

वाहे? मी नाव घेतलं होतं का? नव्हतं घेतलं. मुलगा म्हटलं, नाव नाही घेतलं, चार वर्षं नाही घेतलं मी ते तोंडाने. तू मित्र त्याचा, फ्रेस्नोचा? तिथे गॅरेज आहे त्याचं, स्वतःचं? आणि ही गाडी — अरे पण ती लाल होती! रंगवली. तुझी इकडे बँकेत नोकरी लागली म्हणून तुला देऊन टाकली. गाडीचा कागद यंत्राला दाखवला मी, वाचला कुठे? नंबरप्लेट समोर, आणि मी तुझा शर्ट वाचत बसलो. चार वर्षं ताडपत्रीखाली ठेवली त्याने? नवा कन्व्हर्टर नाही लावला? स्वतःचं गॅरेज असून? माझाच मुलगा, काय बोलायचं. म्हणाला, पपांकडे जा, पार्ट त्यांनी टाकले नसतील — पण आधी काही बोलू नकोस. का? का बोलू नकोस? अडखळतोस कशाला, सांग ना. ‘आधी बघ, पपा अजून तसेच आहेत का.’ असं म्हणाला. शाबास. आणि मी बोट वर करून, दाखवून, दाबलं. एकाच गाडीला बापाने दोनदा नापास केलं. शाबास रे मेलकोन्यान.

ऊठ. त्या टेबलक्लॉथची गाठ सोड. हळू, सासूबाईंचा आहे. पाना खुर्चीखाली आहे, दे इकडे. नाही, तू नको, तुला बॉनेटचा खटका सापडत नाही, तू काय लावणार? मी लावतो. माहीत आहे मला पाटीवर काय आहे, मीच लावलीय ती. नापास पुसता येत नाही, पण पुन्हा तपासता येतं, त्याला कुणाची बंदी नाही. ओ बाई! निळी टोयोटा! आज बंद आहे, सोमवारी या. हो, आत्ताच बंद झालं! आणि तू इकडे बघ. ते नाव तू कुठूनही काढलं असशील, त्या लोकांकडे सगळ्यांच्या पोरांची नावं असतात. खरंच त्यांचा माणूस असलास तर लिहून घे, ह्रांत मेलकोन्यानने भर दुपारी, स्वतःच्या दुकानात, पाना उचलला. आणि नसलास तर वाहेला सांग — नको, काही सांगू नकोस. शटर ओढ खाली.