पयले भुरीची गोळी

— तसं नाई पौर्णिमा, पोटावर हात ठेवू नको भुरीच्या, जागी होईन. नुसतं पाह्य. पोट वर आलं, खाली गेलं — हा एक झाला. वर, खाली — दोन. सेकंदाचा काटा एक चक्कर मारेपरेंत मोजजो. मी पाच-पाचानं मोजतो, चाळीस वर्षं मार्केटात लिंबं मोजले ना, हात तसाच बसला. पाचाचे सहा झाले म्हंजे तीस. तिसापरेंत भेव नाई. काल पस्तीस झाले.

हासून काऊन राहिली? म्हातारी मांजरीचे श्वास मोजते म्हून? हास, सारी गल्ली हासते. आमचा नितेशही हासला नागपूरवरून — आई, मांजरीले कुठी हार्टची बिमारी असते का? म्हटलं बाप्पा, तिच्याजोळ हार्ट तरी हाये, तू आपलं पाहून सांग. अकोल्याले जनावराच्या दवाखान्यात मशीन लावून पाह्यलं तिले. दिलाच्या भिंती जाड झाल्या म्हने, छातीत पाणी भरते. बरं होत नाई, सांभाळा लागते. मंग सांभाळून राहिली.

हे पाह्य, पाण्याची गोळी, छातीतलं पाणी काढते. चौथा हिस्सा — सकाळी आठले, संध्याकाळी आठले, तुपात घोळून. मीठ द्याचं नाई. तू परवा वरून पापडाचा तुकडा टाकला, मी पाह्यलं. बोलली नाई, पण पाह्यलं. अन् निशाण्या ध्यानात ठेव. आडवी झोपत नाई, बसूनच डुलकी घेते. खाण्याचा वास आला का तोंड फिरवते. जिन्यात मधातच थांबते. मी भी आता ह्या खुर्चीतच झोपतो, तिच्याजोळ — आडवं पडलं का मले गुदमर — गुदमर म्हंजे तसं नाई, खुर्चीतून नजर राहाते तिच्यावर म्हून. सोमवारी मी जिन्यात थांबली होती ते तुह्या कपड्याचा चिमटा पडला होता, तो उचलाले. पाय नको पाहू माह्ये. चप्पल तंग हाये.

गोळ्याच्या पाकिटावर माह्यं नाव? असू दे. तू नर्सिंग शिकून राहिली म्हून लय डोळे फाडू नको. मले इंग्रजी कोनं शिकवलं नाई. पोत्यावरचे अक्षरं जोडू-जोडू शिकली. भुरीच्या पट्टीवरचे अन् माह्या पट्टीवरचे अक्षरं शेजारी धरून वाचले — एकच औषध निघालं. मंग तिले पिशवीत कोंबून अकोल्याले कायले नेऊ? मागच्या खेपेले मूर्तिजापूरच्या पुढं गाडीच्या हॉर्ननं तिची जीभ निळी पडली होती. अन् माह्या दवाखान्याच्या लायनीत मी उभी राह्यली, अर्धा दिवस गेला, घरी येतो तं हे तोंड उघडून पडली. तवापासून लायन सोडली. ही एक पट्टी उरली, ते तिचीच. — मले काय झालं? महिना झाला, एक गोळी घेतली नाई, मेली का? चालतो, बोलतो, तुह्याशी भांडतो.

पाणी दे जरासं. — नाई, काई नाई, बोलून-बोलून होते.

ओठ काऊन हालून राहिले तुह्ये? मांजरीकडं पाह्य म्हटलं, माह्या छातीकडं नाई. घड्याळ खाली ठेव. — किती झाले? राहू दे. सांगू नको.

नितेशले फोन केला तं ह्या घरात पाय ठेवू नको, सांगून ठेवतो. ही किल्ली धर. धर म्हटलं ना. सकाळी आठले दार वाजवजो, दोनदा. नाई उघडलं तं किल्ली लाव. बोंब मारजो नको, घाबरते ते. पयले भुरीची गोळी, तुपात. गिळली का नाई ते पाहजो, थुकते कधी-कधी. मंग खुर्चीकडं ये.

जाय आता. दार हळू लाव.