पायाची सवय

नाही मास्तर, तारीख चुकवली तुमच्या वकिलानं. नोटिशीत डिसेंबर लिहून ठेवला त्यानं, नातवाकडून वाचून घेतलं मी. गाडी तुम्हाले दिली ते साल दोन हजार चोवीस, महिना नोव्हेंबर. दिवाळी सरून दोन आठवडे झालते, तूर फुलावर होती, कापसाची पहिली वेचणी चालू होती. तांड्यातल्या साऱ्या बाया वावरात, म्हणून तर चहा मीच ठेवलता तुमच्यासाठी, फिका झालता. दुरुस्त करा तो कागद. या देवसिंगवर खटला घालाचा तर नीट घाला.

आजचा चहा घ्या, सुनेनं केला. भांडाले आलेल्या माणसानं चहा प्याचा नाही, असं थोडीच लिहिलं हाय कायद्यात. तुमच्या घरच्या बाईंचा हात कसा हाय? प्लास्टर किती दिवस सांगतलं? दीड महिना—हं. डावा ना?

उजवा. मंग तर घास बी हातानं घेता येत नसन.

हे पाहा, कायदा मी बी विचारून आलो. यवतमाळले गेलतो, वकिलाकडं. सारं सांगतलं त्याले—गाडी घेऊन तुम्हाले तेरा दिवस झालते, उतारावर ब्रेक लागला नाही, पुलाच्या कठड्यावर गेली, बाईंचा हात मोडला. तो म्हणे, बाबा, तुमचा काही गाड्यांचा धंदा नाही, घरची एक जुनी गाडी विकली, ग्राहक आयोगात तुमच्यावर हे टिकणं मुश्कील. वरून स्टॅम्पपेपरवर लिहिलं हाय, गाडी जशी हाय तशी घेतली, खाली मास्तरांची सही. गुमान घरी बसा म्हणे. त्याची फी दिली अन् उठलो. लिहिलं ते लिहिलं—पण तुम्ही मले विचारलं काय होतं? याच बाजेवर बसून विचारलं, बाबा, ब्रेक कसे आहेत. अन् मी म्हटलं, एकतीस वर्षं ट्रक हाणला, चाकाखाली कोंबडी बी आली नाही, अन् तुम्ही मले ब्रेकचं विचारता? ते स्टॅम्पपेपरवर नाही. ते माह्या तोंडून निघालं हाय.

तुम्हाले वाटत असन, म्हाताऱ्यानं जाणून गळ्यात मारली. नाही. परवा आर्णीच्या गॅरेजात गेलतो, तुमची गाडी पडून हाय तिथं. मिस्त्री म्हणे, ब्रेकचं तेल कधीचं झिरपून राह्यलं, वर्षभर तरी, तुम्ही चालवत कसे होते हे? मले आला राग. चढलो, बसलो, पाय मारला—लागला की ब्रेक, म्हटलं, पाह्य. तो म्हणे, बाबा, तुम्ही दोनदा दाबला. म्हटलं, एकदाच दाबला. म्हणे, नाही, दोनदा. मंग पायाकडं पाहत दाबला, एकदाच. थेट तळाले जाऊन टेकला, मास्तर. पायाखाली काहीच नव्हतं.

काहून दोनदा? ते जाऊ द्या. त्याच्याशी तुमचं काय—बरं, आता सुरू केलं तर ऐका. माही बायको, जमनाबाई. तिच्या मणक्यात रोग उतरलता. दर महिन्याले नागपूरचा दवाखाना. जरासा झटका बसला की तिचं तोंड पांढरं पडे, पण आवाज काढत नसे, ओढणीचं टोक दातात धरे. अन् मी ट्रकवाला, धाडकन ब्रेक मारणारा. मंग शिकलो, या वयात. गतिरोधक दिसला की दुरूनच आधी हलका दाबाचा, नुसता हात लावल्यासारखा—सोडाचा—मंग दाबाचा. दोन वर्षं असंच. पाय शिकला, मले कळलं बी नाही. ती तांड्यातल्या बायांले सांगे म्हणे, यांच्या गाडीत मांडीवरची पाण्याची वाटी हालत नाही. मले तोंडावर कधी बोलली नाही. मी बी विचारलं नाही.

एकदा बोलली होती. उतारावरच. म्हणे, आज गाडी उशिरा थांबली. अन् मी काय म्हटलं? तुले गाडीतलं काय समजते, म्हटलं. झालं, त्याच्यानंतर बोलली नाही. पहिला पाय फुकट जात होता, दुसऱ्यावर उरलंसुरलं लागत होतं, अन् मी आपला ऐटीत—तिले फुलासारखं नेऊन राह्यलो म्हणून. तुमच्या बाई ज्या सीटवर बसल्या होत्या ना मास्तर, त्याच सीटवर बसत होती ती. जाणं, येणं. दर महिन्याले.

नका, पाणी नको मले. बसा तुम्ही.

हे घ्या, गाडीचे पैसे. तुम्ही दिले होते तसेच हायेत, तिच्या ओढणीत बांधून ठेवलेले, गाठ बी सोडली नाही. ती गेल्यावर गाडी दारात पाहवत नव्हती म्हणून विकली, पैसा कोणाले पाहिजे होता? हे वेगळे, बाईंच्या हाताचे. गॅरेजचं मी पाहतो. मोजा. लाजता कायले, मोजा. ओढणी तेवढी इकडं द्या.

पुढच्या सीटवर एक गोधडी होती, दुमडलेली. हाय? फेकली नाही ना?

राहू द्या तिथंच. गाडी मी ओढून आणतो. आता कोणाले देत नाही.

भरले बरोबर? मंग झालं. निघा आता, पाच वाजताची एसटी जाईन तुमची.