अंड्यांची पेटी

साल ब्याऐंशी, लातूर जिल्हा झाला ते, अन् माझं वय सव्वीस. दीक्षेच्या साली जलमलो, म्हणून वयात माझी चूक होत न्हाई. शिक्षण दुसरी. मूळ गाव शिरूर अनंतपाळकडलं, पण हात शिकला नांदेडात, एका उस्तादाच्या दुकानात. हीटरला रिले अन् टेंपरेचर कंट्रोलर जोडायचं काम. जिल्हा झाला म्हणल्यावर काम लई निघंल म्हणून लातुरात पत्र्याचं शेड घेतलं, तर पावसानं दडी मारली, अन् काय सांगू तुम्हाला, गिऱ्हाईकच फिरकंना.

मग मी लाकडाची पेटी केली, अंडी उबवायची. खाली हीटर, वर कंट्रोलर. ऊब पुरली की रिले टक करून हीटर तोडतो, निवलं की पुन्हा टक. अंडी बायकोनं, शेवंतानं, लोह्याहून माहेरनं आणली, भुशात घालून. म्हणली, पिलं निघाली तर राहू हितं, न्हाई तर नांदेडाला चला, उस्तादाचे पाय धरा. पाय? मी? म्हणलं, बघच.

दुपारी मी पेटीला कान लावून पडायचो. टक... टक. तांबडा दिवा लागायचा, विझायचा. बाहेर फुफाटा उडून राहिलेला, अन् मला वाटायचं, पेटीतच कुठं तरी हिरवं रान हाय, त्यात एक कोंबडी पाय न वाजवता फिरून राहिली.

एके दुपारी शेवंतानं अंडं पापणीला लावलं. अवो, पोळतंय की. म्हणलं, कंट्रोलरचा काटा मी लावला तिथंच हाय, गप. ती म्हणली, काट्याला पापणी हाय का? अन् झाकण काढून पदरानं वारा घालू लागली. तवा ध्यानात आलं, टक ऐकूच येत न्हाई. रिलेचे पॉइंट चिकटलेले, हीटर चालूच. माझी चूक न्हाई, आजबी सांगतो. विहिरी आटल्या, मोटारी बंद, म्हणून साऱ्या शिवाराचा करंट तारंत तुडुंब. रिलेनं किती सोसावं? मग मधी मोठा कॉन्टॅक्टर टाकला, दणकट स्विचच तो, हीटरचा भार त्याच्यावर, रिलेनं नुसता हुकूम द्यायचा.

मग दोघंबी पेटीपाशी बसून. एका सांजंला आतून बारीक आवाज. मला वाटलं, रिले पुन्हा बिघडला. शेवंता म्हणली, अवो, चोच हाय ती. सगळी न्हाई निघाली, पण निघाली. ओली, दिव्याच्या उजेडात शेंदरी. ती हसली, म्हणली, वाचले उस्तादाचे पाय.

जिथं ऱ्हायचं तिथंच माणूस आर्थिंग करतो, खड्डा खांदून, अन् त्या खड्ड्याला वल लागती. दुसऱ्या दिशी सकाळी मी शेडाम्होरं खड्डा खांदला, कोळसा-मीठ घालून पट्टी गाडली, अन् टँकरच्या रांगेतून आणलेली प्यायच्या पाण्याची घागर त्यात वतली.